अठरावा प्रश्न

पहाटे साडेपाच

पिशवी रात्रीच भरून ठेवते. चाचणीचे छापील संच, टोक केलेल्या पेन्सिली, खोडरबर, शाळेचं परवानगीपत्र, पालकांची संमतिपत्रं. संचावर मुलाचं नाव लिहायला जागाच ठेवलेली नाही. क्रमांक, इयत्ता, आणि राहायला कुठे: गावात, मळ्यात की वसतिगृहात, एवढंच. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या आठवी-नववीच्या मुलांची चिंता मोजणारी तीस प्रश्नांची मराठी चाचणी घडवायची, हे माझं सध्याचं काम. मानसशास्त्र शिकवण्याच्या नोकरीतून जो वेळ उरतो तो यात जातो.

चहा उकळेपर्यंत अठरावा प्रश्न पुन्हा वाचते. ‘अंधार पडल्यावर घराबाहेर पडायची मला भीती वाटते.’ उत्तराचे पाच रकाने: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी. या धाटणीचे प्रश्न मुलांच्या चिंता-चाचण्यांत नेहमी असतात, आणि शहरात तो खपूनही जाईल. पण जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत, बिबट्या उसात राहतो, उसातच त्याची पिल्लं होतात. दिवेलागणीनंतर एकट्याने बाहेर पडायचं नाही, हा इथल्या आईबापांनी घालून दिलेला नियम आहे. ‘नेहमी’वर खूण करणारं मूल चिंतेने ग्रासलेलं आहे की शहाणं आहे, हे त्या एका खुणेवरून कळत नाही. ती खूण बाकीच्या एकोणतीस खुणांशी कशी वागते ते पाहिलं, तर कळतं. त्या पाहण्यालाच घटक विश्लेषण म्हणतात. आणि पाहण्याच्या तऱ्हा अनेक आहेत, म्हणूनच आजचा दिवस लांबणार आहे.

सात

मंचरची बाजारपेठ मोठी, पण आंबेगाव तालुक्याचं मुख्य गाव घोडेगाव. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही तिथेच. एसटी घोडेगाव सोडून भीमाशंकरच्या रस्त्याला लागली की ऊस आणि तरकारी मागे राहते. शिनोली, मग डिंभे धरण, पुढे भातखाचरं आणि हिरड्याची झाडं. महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा हा मुलूख. बाळहिरडा गोळा करायच्या दिवसांत घरातलं लहानमोठं प्रत्येक माणूस झाडाखाली असतं.

माळीण याच बाजूला. ३० जुलै २०१४ला सकाळी डोंगर गावावर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. ‘जोराचा पाऊस लागला की मला झोप येत नाही’ हा आमचा अकरावा प्रश्न. आजची आठवीतली मुलं तेव्हा अगदी लहान होती, पण पावसाळ्यात घरात जे बोललं जातं ते ऐकतच ती वाढली. हा प्रश्न मी कुठल्याही पुस्तकातून उचललेला नाही. इथल्या शिक्षकांनी सुचवला, तो ठेवला.

साडेआठ

आश्रमशाळेत परिपाठ उरकून मुलं वर्गात बसलेली असतात. सूचना मोठ्याने वाचून दाखवायच्या, दोन सरावाचे प्रश्न फळ्यावर सोडवायचे, आणि मग गप्प बसायचं. चाचणी घेणाऱ्याने प्रश्नाचा अर्थ फोडून सांगायचा नाही, कारण एका वर्गाला सांगितलं आणि दुसऱ्याला नाही, तर दोन वर्गांची उत्तरं एकत्र धरता येत नाहीत.

अठराव्या प्रश्नापाशी पहिल्या बाकावरच्या मुलीने पेन्सिल थांबवली.

“मॅडम, हितलं लिहू का घरचं?”

“तुला जे बरोबर वाटतं ते लिही.”

तिने बराच विचार करून मधल्या रकान्यात खूण केली. संच गोळा झाल्यावर मी तिला आणि तिच्या मैत्रिणींना व्हरांड्यात बसवून विचारलं. वसतिगृहात रात्री बाहेर जायचं तर चौघीपाचजणी मिळून जातात, दिवा असतो, त्यामुळे भीती नाही. घरी लाइट गेली की आजी बॅटरी घेऊन पुढे चालते आणि ही मागे, तेव्हा वाटते. म्हणजे दोन ठिकाणांची दोन उत्तरं होती, रकाना एकच होता, आणि तिने दोन्हींच्या मधलं उत्तर दिलं. तिच्या स्वभावाबद्दल त्या खुणेतून काहीच कळत नाही. मी संचाच्या मागे लिहून ठेवलं: प्र. १८, जागा कोणती?

मुलांशी असं बोलणं हा घटक विश्लेषणाचाच भाग आहे असं मी मानते. आकडे नंतर एवढंच सांगतात की हा प्रश्न कळपात चालत नाही. का चालत नाही, ते व्हरांड्यात कळतं.

आणखी एक गोष्ट वर्गात दिसते. बरीच मुलं पाच रकान्यांपैकी दोन टोकांचेच वापरतात. अशा उत्तरांचा नेहमीच्या सूत्राने सहसंबंध काढला तर तो खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून अशा क्रमवार उत्तरांसाठी पॉलिकोरिक नावाचा वेगळा सहसंबंध काढतात. त्याचं मूळ कार्ल पिअर्सनच्या १९००च्या कामात आहे. हिशोब किचकट आहे, पण तो संगणक करतो. आपण फक्त तो मागायचा असतो.

एक

परतीच्या एसटीत डबा उरकून नारायणगावला तास घ्यायला पोचते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला मानसशास्त्रीय चाचण्यांचा पेपर आहे.

आजचा विषय घटक विश्लेषण. सुरुवात नारायणगावजवळच्या खोडदपासून केली, कारण वर्गातली काही मुलं त्याच बाजूची. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या. एकटी तबकडी फार बारीक पाहू शकत नाही. प्रत्येक दोन तबकड्यांच्या संदेशांचा सहसंबंध काढायचा, आणि त्या सगळ्या जोड्यांतून आकाशातल्या स्रोताचं चित्र उभं करायचं. तीस तबकड्यांच्या जोड्या किती? तीस गुणिले एकोणतीस, भागिले दोन: ४३५. आमच्या चाचणीत तीस प्रश्न, म्हणजे सहसंबंधही ४३५. तबकडीतून तारा थेट हाती लागत नाही, तशी प्रश्नातून चिंताही लागत नाही. दोन्हीकडे जोड्यांवरूनच अंदाज बांधायचा असतो. वर्ग एकदम जागा झाला. ही मुलं त्या तबकड्या रोज पाहतात.

मग इतिहास. चार्ल्स स्पिअरमनने १९०४मध्ये घटक विश्लेषणाचं काम सुरू केलं तेव्हा त्याच्यापुढे इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या शाळेची मुलंही होती. एका विषयात वरचढ असलेलं मूल इतर विषयांतही साधारण वरचढ असतं, हे पाहून त्याने सगळ्यांमागे एकच सर्वसाधारण बुद्धी धरली. १९३८मध्ये शिकागोच्या लुई थर्स्टनने वेगळ्या तऱ्हेने घटक काढले आणि फिरवले, तेव्हा त्याला सात प्राथमिक क्षमता दिसल्या. पुढच्याच वर्षी स्पिअरमनने थर्स्टनचीच आकडेवारी हाती घेतली आणि तिच्यातून आपली सर्वसाधारण बुद्धी पुन्हा काढून दाखवली.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, मग खरं कोणाचं?” हा प्रश्न यावा म्हणूनच मी ही गोष्ट सांगते. दोघांचं गणित बरोबर होतं. फरक होता तो आकड्यांना काय विचारलं यात. पुढे दोघांच्याही मतांना जागा देणारी उतरंड मान्य झाली: खाली वेगवेगळ्या क्षमता, वर त्यांना जोडणारी सामाईक बुद्धी.

तीन

संगणक कक्षात नारायणगावच्या पूर्वेकडच्या बागायती गावांतल्या शाळांची आकडेवारी उघडते. ती आधीच भरून तपासलेली आहे. सकाळचे संच वेगळे भरायचे.

पद्धतींची तुलना म्हटलं की पहिला वाद प्रिन्सिपल कॉम्पोनंट आणि खरं घटक विश्लेषण यांच्यात. पहिली पद्धत हॅरल्ड हॉटेलिंगने १९३३मध्ये मांडली. ती मुलामुलांच्या उत्तरांतला सगळा फरक जमेस धरते: इतर प्रश्नांशी सामाईक असलेला, त्या प्रश्नाचा स्वतःचा, आणि मुलाने घाईत चुकीच्या रकान्यात केलेल्या खुणेचासुद्धा. खरं घटक विश्लेषण, मग ते प्रिन्सिपल ॲक्सिस असो, मिनरेस असो वा मॅक्सिमम लाइकलिहूड, आधी विचारतं की या प्रश्नाचा इतरांशी सामाईक वाटा किती, आणि तेवढ्यावरच घटक उभारतं.

आमचा एक संशोधक विद्यार्थी शेजारी बसतो. त्याचं म्हणणं, “मॅडम, दोन्हीकडे सारखंच येतं. उगाच वेळ घालवायचा.” मी त्याला कागद दिला.

समजा सहा प्रश्न आहेत आणि प्रत्येक दोघांमधला सहसंबंध फक्त ०.०९ आहे. म्हणजे जवळजवळ नाहीच. कॉम्पोनंट पद्धतीत पहिली आयगेन व्हॅल्यू, म्हणजे पहिल्या घटकाच्या वाट्याला आलेला फरक, येते १ अधिक ५ गुणिले ०.०९, म्हणजे १.४५. तिला सहाने भागून वर्गमूळ काढलं की प्रत्येक प्रश्नाचा घटकभार, म्हणजे त्याचं घटकाशी नातं किती घट्ट तो आकडा, ०.४९. घटक विश्लेषणात तोच भार म्हणजे ०.०९चं वर्गमूळ, ०.३०. भार ०.४०च्या वर असेल तर प्रश्न ठेवायचा, हा सर्रास वापरला जाणारा दंडक लावला, तर पहिल्या पद्धतीने सहाच्या सहा प्रश्न पास आणि दुसरीने सहाच्या सहा नापास. आकडे तेच. शिवाय आयगेन व्हॅल्यू एकच्या वर असल्यामुळे कॉम्पोनंटवाला छातीठोकपणे लिहील की एक घटक सापडला.

आता सहाऐवजी तीस प्रश्न घे, सहसंबंध तोच. आयगेन व्हॅल्यू ३.६१, भार ०.३५. घटक विश्लेषणाचा ०.३०च. अंतर मिटत आलं. ‘दोन्हीकडे सारखंच येतं’ हे तीस प्रश्नांच्या एकाच घटकासाठी बऱ्यापैकी खरं आहे. पण आमच्या चाचणीत तीस प्रश्न चार-पाच घटकांत विभागले जाणार, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सात. फरक पडतो तो नेमका इथेच. विद्यार्थ्याने हिशोब दोनदा करून पाहिला आणि मग स्वतःच मिनरेस लावलं.

अठरावा प्रश्न या फरकाच्या बरोबर मध्ये सापडतो. कॉम्पोनंट पद्धतीत तो ‘भीती’च्या गटात चांगल्या भाराने बसतो. मिनरेसमध्ये त्याचा सामाईक वाटा इतका उतरतो की तो गटात राहू शकत नाही. त्याच्यातला बराचसा फरक त्याचा एकट्याचा आहे, आणि पूर्वेच्या गावांत राहणाऱ्या कोणालाही विचारलं तर तो फरक बिबट्याचा आहे हे कळेल.

चार-पाच घटक हा आकडा तरी कुठून आला? आयगेन व्हॅल्यू एकच्या वर तेवढे घटक, हा हेन्री कायझरचा १९६०चा निकष. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या संगणकप्रणालीत काही न बदलता बटण दाबलं तर कॉम्पोनंट पद्धत आणि हाच निकष मिळतो, म्हणून असंख्य प्रबंधांत तीच जोडी दिसते. तो निकष बहुधा जरुरीपेक्षा जास्त घटक देतो. रेमंड कॅटेलने १९६६मध्ये आलेखातली घसरण कुठे सपाट होते ते पाहायला सांगितलं, पण तो सपाटपणा दोघांना दोन ठिकाणी दिसतो. मला पटते ती जॉन हॉर्नची १९६५ची समांतर विश्लेषणाची पद्धत. आपल्याकडे जेवढी मुलं आणि जेवढे प्रश्न, तेवढ्याच आकाराची निव्वळ यादृच्छिक आकडेवारी संगणकाकडून पुन्हापुन्हा तयार करून घ्यायची, आणि तिच्यापेक्षा वर उठणारे घटकच खरे मानायचे. आम्ही जामोवी नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट आहे, आणि घटक विश्लेषण मागितलं की मिनरेस, तिरपं रोटेशन आणि समांतर विश्लेषण हे आपणहून देतं. खेड्यातल्या कॉलेजला यापेक्षा काय हवं?

मॅक्सिमम लाइकलिहूडचा मान मोठा. डी. एन. लॉलीने १९४०मध्ये तिची बैठक घातली, आणि प्रारूप आकड्यांशी कितपत जुळतं याची कसोटी ती देते. पण तिला उत्तरं घंटेच्या आकारात पसरलेली लागतात. आमची मुलं दोन टोकांना खुणा करतात. तिथे तिचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

पाच

आता रोटेशन. घटक काढले की ते फिरवून घ्यावे लागतात, तेव्हा त्यांचा अर्थ लागतो. कायझरची १९५८ची व्हॅरिमॅक्स घटकांना काटकोनात ठेवते, म्हणजे त्यांचा आपसात काही संबंध नाही असं आधीच ठरवते. परीक्षेची काळजी आणि छातीतली धडधड यांचा एकमेकींशी संबंध नाही, असं कुठल्या शिक्षकाला पटेल? मुलांच्या मनाच्या चाचणीत तिरपं रोटेशनच घ्यावं. घटक खरंच स्वतंत्र असले तर तेही कोनातून दिसेल.

रोटेशनवर बोलताना गिलफर्ड टाळता येत नाही, आणि गिलफर्ड आला की पुणे येतं. जे. पी. गिलफर्डने बुद्धीचं घनाकार प्रारूप मांडलं: चार प्रकारचे आशय, पाच क्रिया, सहा फलितं, मिळून १२० क्षमता. पुढे ती संख्या १५० आणि नंतर १८० झाली. वि. वि. पेंडसे यांनी १९६२मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीत मानसशास्त्रज्ञांनी याच प्रारूपाच्या आधाराने मराठी मुलांसाठी चाचण्या घडवल्या, आणि डॉ. उषा खिरे यांच्यासारख्यांनी त्यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं. आयता परदेशी संच भाषांतरित करण्यापेक्षा प्रश्न इथल्या मुलांसाठी नव्याने रचायचे, हा त्यांचा आग्रह मला या कामात रोज उपयोगी पडतो.

प्रारूपावर मात्र मोठा आक्षेप आला. गिलफर्ड घटक फिरवताना आपल्या सिद्धांताने सांगितलेलं लक्ष्य समोर ठेवायचा आणि शक्य तितकं त्याच्याकडे वळवायचा. १९७३मध्ये हॉर्न आणि नॅप यांनी तीच रीत वापरून, पण लक्ष्य यादृच्छिकपणे ठरवून, घटक फिरवले. त्या मनमानी सिद्धांतांनाही जवळजवळ तितकाच भक्कम आधार मिळाला. म्हणजे ती रीत सिद्धांताची परीक्षा घेतच नव्हती. यातून प्रबोधिनीच्या चाचण्या निकामी ठरत नाहीत. मुलाला सृजनशील विचाराची संधी देणारा प्रश्न चांगलाच असतो. पण घनातले सगळे कप्पे माणसाच्या डोक्यात वेगवेगळे आहेत, हा दावा टिकत नाही.

विद्यार्थी म्हणाला, “मग आपणही अठरावा प्रश्न भीतीच्या घटकात बसवायचा म्हणून फिरवत राहिलो, तर बसेल.”

“बसेल,” मी म्हटलं. “म्हणून तसं करायचं नाही.”

साडेसहा

नारायणगावच्या स्थानकावर शेजारी उभे असलेले गृहस्थ फोनवर मुलाला बजावत होते: मोटर मी आल्यावर चालू करू, तू विहिरीवर जाऊ नकोस. शेतीची थ्री-फेज लाइट रात्रीची असली की पाणी द्यायला माणसाला अंधारात उसात शिरावं लागतं. दिवसा वीज द्या, ही इथल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. त्या घरातल्या मुलाने उद्या माझ्या संचात ‘नेहमी’वर खूण केली, तर त्याला समुपदेशकाकडे पाठवणार की वीज कंपनीकडे अर्ज करणार?

रात्री नऊ

घरी शेवटचं काम: पूर्वेच्या बागायती गावांचे आणि पश्चिमेच्या आश्रमशाळांचे गट समोरासमोर ठेवणं. यासाठी कार्ल योरेस्कोगने १९६९ आणि १९७१मध्ये घडवलेली पुष्टिकारक पद्धत लागते. सकाळपासूनची पद्धत शोध घेणारी होती. ही आपण लिहून दिलेलं प्रारूप तपासते, आणि तेच प्रारूप दोन गटांत सारख्या भाराने चालतं का, हेही सांगते. भार सारखे नसतील तर दोन गटांच्या गुणांची तुलना करायची नसते. एका गटात पंचवीस गुण म्हणजे जी चिंता, ती दुसऱ्या गटातल्या पंचवीस गुणांत असेलच असं नाही.

अठरावा प्रश्न दोन बाजूंना दोन तऱ्हेने वागतो. पूर्वेला तो बिबट्याचा, पश्चिमेला वसतिगृह आणि घर यांच्यातला. पावसाचा अकरावा प्रश्न पश्चिमेला इतरांशी घट्ट जुळतो आणि पूर्वेला सैल पडतो. अकरावा अजून तपासते आहे. पश्चिमेच्या आणखी शाळा झाल्याशिवाय त्याला हात लावणार नाही. अठराव्याचा निर्णय आज लिहून टाकला: गुणांत धरायचा नाही. त्याचे दोन वेगळे प्रश्न करायचे, एक घराचा आणि एक वसतिगृहाचा. उत्तरं चिंतेच्या बेरजेत न मिळवता परिसरातल्या सुरक्षिततेची माहिती म्हणून मुख्याध्यापकांना द्यायची. दिवा कुठे हवा, संडास कुठे हवा, मुलांना सोबत कोणत्या वाटेवर हवी, हे त्यांना त्यातून कळेल.

शिक्षक आणि पालक मित्रांनो, २०१६पासून काही वर्षं आपल्या दहावीच्या सगळ्या मुलांनी सरकारी कल चाचणी दिली. बुद्धीच्या, अभिरुचीच्या, चिंतेच्या चाचण्या आता तालुक्याच्या गावातही होतात, आणि अहवालाचा रंगीत कागद हातात पडतो. तो घेताना तीन गोष्टी विचारा. ही चाचणी कुठल्या मुलांवर घडवली? तिचे घटक कोणत्या पद्धतीने काढले, आणि किती ठेवायचे हे कसं ठरवलं? आपल्यासारख्या गावातल्या मुलांवर ते पुन्हा तपासले का? उत्तर मिळालं नाही, तर त्या कागदावरून मुलाबद्दल कुठलाही निर्णय घेऊ नका.